विश्लेषण : लिनक्सवर पेनड्राइव्ह का उघडत नाही? ‘फॉरमॅट’ करण्याआधी काय पाहावे?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार थांबवला. विंडोज ११च्या अटींत न बसणारे, पण अजून धडधाकट असलेले अनेक संगणक त्यामुळे अडचणीत आले. त्यांतील काहींवर आता उबुंटू, लिनक्स मिंट, डेबियन किंवा पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची ‘बॉस’ अशा मोफत लिनक्स प्रणाली बसवल्या जात आहेत. प्रणाली बसते, इंटरनेट चालते, मराठी टायपिंगही होते. मग कोणीतरी झेरॉक्सच्या दुकानातून आणलेला पेनड्राइव्ह लावतो आणि पडद्यावर काहीच घडत नाही. किंवा ‘माउंट करता आले नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येतो. तोच पेनड्राइव्ह विंडोजवर लावला, तर ‘वापरण्याआधी फॉरमॅट करा’ अशी सूचना येऊ शकते आणि घाईत होकाराचे बटण दाबले जाते. लग्नाचे फोटो, शाळेची निकालपत्रके, सोसायटीचे हिशेब असे जे काही त्या बोटभर वस्तूत असते, ते खऱ्या अर्थाने त्या क्षणी धोक्यात येते. कारण पेनड्राइव्ह उघडत नाही याचा अर्थ डेटा गेला, असा होत नाही. बिघाड नेमका कोणत्या टप्प्यावर आहे, हे लिनक्सवर पाच-दहा मिनिटांत शोधता येते. ते कसे, याविषयी...

‘माउंट’ म्हणजे नेमके काय?

विंडोजमध्ये पेनड्राइव्ह लावला की त्याला ई, एफ असे एखादे अक्षर मिळते. लिनक्समध्ये अशी अक्षरे नसतात. तिथे सगळ्या फायली आणि फोल्डर एकाच झाडाच्या फांद्यांसारखे असतात. पेनड्राइव्हमधील फायली या झाडाच्या एखाद्या फांदीला जोडणे म्हणजे माउंट करणे. उबुंटू, मिंट यांसारख्या प्रणालींत ही फांदी साधारणपणे ‘मीडिया’ नावाच्या फोल्डरमध्ये, तुमच्या नावाखाली तयार होते. हे काम एरवी आपोआप होते, म्हणून ते लक्षात येत नाही.

मात्र त्यासाठी पाच गोष्टी क्रमाने घडाव्या लागतात. पहिली, पेनड्राइव्हला वीज मिळून तो संगणकाशी बोलू लागतो. दुसरी, लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, त्याला साठवणुकीचे साधन म्हणून ओळखतो. तिसरी, त्यावरील पार्टिशनची नोंद वाचली जाते. चौथी, पार्टिशनवरची फाइल सिस्टीम, म्हणजे फायली मांडून ठेवण्याची पद्धत, ओळखली जाते. पाचवी, ती माउंट होऊन तुम्हाला वाचण्या-लिहिण्याची परवानगी मिळते. यातील एक कडी तुटली तरी वापरणाऱ्याला दिसते ते एकच, ‘पेनड्राइव्ह चालत नाही’. उपाय मात्र प्रत्येक कडीसाठी वेगळा आहे. म्हणून खालच्या कडीपासून वर तपासत जायचे आणि तुटलेली कडी सापडेपर्यंत पेनड्राइव्हवर काहीही लिहायचे नाही, हा या सगळ्या तपासाचा मूळ नियम.

संगणकाला पेनड्राइव्ह दिसतो का?

हे पाहण्यासाठी टर्मिनल नावाची खिडकी उघडावी लागते. बहुतेक प्रणालींत कंट्रोल, आल्ट आणि टी ही बटणे एकत्र दाबली की ती उघडते. येथे कमांड देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजीतील लहान अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप कराव्यात.

पहिली कमांड ‘एलएसबीएलके’. एल, एस, बी, एल, के ही पाच अक्षरे सलग टाइप करून एंटर दाबले की संगणकाला जोडलेल्या सगळ्या डिस्कची यादी येते. पेनड्राइव्ह लावण्याआधी एकदा आणि लावल्यावर एकदा ही कमांड द्यावी. दुसऱ्या यादीत जी नवी ओळ येईल, तो तुमचा पेनड्राइव्ह. त्याचे नाव ‘एसडीबी’ असू शकते आणि त्यावरचे पहिले पार्टिशन ‘एसडीबी१’. मात्र हे नाव कायमचे नसते. नव्या लॅपटॉपमध्ये आतली डिस्क वेगळ्या नावाने दिसते आणि पेनड्राइव्हला ‘एसडीए’ हे नाव मिळते. जुन्या संगणकात तेच नाव आतल्या हार्डडिस्कचे असते. दुसऱ्याने सांगितलेले नाव जसेच्या तसे वापरले, तर नको त्या डिस्कवर घाव बसतो. म्हणून नावाबरोबर आकारही पाहावा. १६ जीबीचा पेनड्राइव्ह येथे १४.९ असा दिसतो. त्यात चोरी नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि ही कमांड १०२४च्या पटीत.

दुसरी कमांड ‘एलएसयूएसबी’. यूएसबीने जोडलेली सगळी साधने ती दाखवते, माउस आणि कीबोर्डसुद्धा. पेनड्राइव्ह या यादीत आहे, पण पहिल्या यादीत नाही, असे असेल तर पहिली कडी शाबूत आणि दुसरी तुटलेली, असा त्याचा अर्थ.

तिसरी कमांड सर्वांत उपयोगाची. ‘सुडो डीएमईएसजी -डब्ल्यू’. यात सुडो हा शब्द एस, यू, डी, ओ असा लिहायचा आणि मोकळी जागा सोडून पुढचा भाग टाइप करायचा. पासवर्ड विचारला जाईल. तो टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, हे नेहमीचेच आहे. त्यानंतर कर्नलची रोजनिशी समोर वाहू लागते. आता पेनड्राइव्ह लावावा. निरोगी पेनड्राइव्ह असेल, तर नवे यूएसबी साधन सापडल्याची, त्याच्या कंपनीची, आकाराची आणि शेवटी ‘एसडीबी : एसडीबी१’ अशी पार्टिशनची ओळ येते. ही रोजनिशी ज्या ओळीवर अडखळते, तिथेच बिघाड आहे. कंट्रोल आणि सी दाबले की ती थांबते.

रोजनिशीत एकही ओळ आली नाही तर?

मग प्रश्न लिनक्सचा नाही, तारेचा किंवा विजेचा आहे. डेस्कटॉप संगणकाच्या पुढच्या बाजूचे यूएसबी पोर्ट आतून वायरने जोडलेले असतात आणि ती वायर ढिली होते. म्हणून पेनड्राइव्ह मागच्या पोर्टमध्ये, थेट मदरबोर्डवर लावून पाहावा. मध्ये यूएसबी हब किंवा एक्स्टेन्शनची वायर असेल तर ती काढावी. यूएसबी २.० पोर्ट एका साधनाला ५०० मिलिअँपिअर आणि यूएसबी ३.० पोर्ट ९०० मिलिअँपिअरपर्यंत वीज देतो. एकाच हबवर तीन-चार साधने लावली की ही वीज वाटली जाते आणि यूएसबीवर चालणारी छोटी हार्डडिस्क तर सुरूच होत नाही.

ओळ येते, पण सोबत ‘एरर -७१’ किंवा ‘एरर -११०’ असेल, तर पेनड्राइव्ह आणि संगणक यांच्यातला संवाद मधेच तुटतो आहे. पहिल्यात उत्तर चुकीचे आले, दुसऱ्यात वेळेत आलेच नाही. अशा वेळी पोर्ट बदलणे, धातूच्या टोकावरची धूळ कोरड्या मऊ कापडाने पुसणे आणि दुसऱ्या संगणकावर पाहणे, एवढेच करावे. दोन-तीन संगणकांवर हाच अनुभव आला, तर दोष पेनड्राइव्हच्या आतल्या चिपमध्ये किंवा जोडणीत आहे.

एक वेगळा प्रकार आर्चसारख्या प्रणालींत घडतो. अपडेटमध्ये नवे कर्नल येते आणि जुन्या कर्नलचे सुटे भाग डिस्कवरून काढले जातात. संगणक मात्र अजून जुन्याच कर्नलवर चालू असतो. पेनड्राइव्ह लावल्यावर त्याला लागणारा भाग सापडत नाही आणि कालपर्यंत चालणारा पेनड्राइव्ह आज ‘अनोळखी’ ठरतो. उपाय सोपा, संगणक रीस्टार्ट करणे. आणखी एक शक्यता कार्यालयांत असते. सुरक्षेसाठी तिथे पेनड्राइव्हवर मुद्दाम बंदी घातलेली असते. तिथे संगणक विभागाला विचारणे हाच उपाय.

पेनड्राइव्ह दिसतो, पण आकार शून्य किंवा ‘मीडिअम नाही’ असे का येते?

पेनड्राइव्हच्या आत दोन मुख्य भाग असतात. डेटा साठवणारी फ्लॅश मेमरी आणि तिच्याशी बोलणारी कंट्रोलर चिप. कंट्रोलर जिवंत आहे, पण त्याचा मेमरीशी संपर्क तुटला आहे, अशा वेळी यादीत नाव येते आणि आकार शून्य दिसतो. या बिघाडावर कोणतीही कमांड किंवा मोफत सॉफ्टवेअर चालत नाही. डेटा महत्त्वाचा असेल तर पेनड्राइव्ह पुन्हा पुन्हा न लावता डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेत नेणे आणि नसेल तर तो टाकून देणे, हे दोनच पर्याय उरतात.

पेनड्राइव्ह आणि पार्टिशन दोन्ही दिसतात. तरी माउंट का होत नाही?

आता तपास चौथ्या कडीवर, म्हणजे फाइल सिस्टीमवर येतो. ‘एलएसबीएलके -एफ’ ही कमांड दिल्यास पार्टिशनपुढे तिचे नाव येते. पेनड्राइव्हवर साधारणपणे तीन प्रकार आढळतात. फॅट३२ हा १९९६ पासूनचा प्रकार. तो टीव्हीपासून गाडीतल्या म्युझिक सिस्टीमपर्यंत जवळपास सगळीकडे चालतो आणि लिनक्समध्ये त्याचे नाव ‘व्हीफॅट’ असे दिसते. एक्सफॅट हा मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये फ्लॅश मेमरीसाठी आणलेला प्रकार. जास्त क्षमतेचे पेनड्राइव्ह आणि कार्ड त्यातच येतात. तिसरा एनटीएफएस, विंडोजच्या हार्डडिस्कचा नेहमीचा प्रकार.

एक्सफॅटची अडचण जुनी आहे. त्याचे तांत्रिक तपशील मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०१९ मध्ये खुले केले. त्यानंतर सॅमसंगने दिलेला चांगला ड्रायव्हर २०२० मध्ये लिनक्स कर्नल ५.७ मध्ये आला. त्याआधीच्या कर्नलवर चालणाऱ्या संगणकाला एक्सफॅटसाठी वेगळे पॅकेज बसवावे लागते. म्हणजे पेनड्राइव्ह चांगला, संगणक चांगला, पण दोघांची भाषा जुळत नाही. अशा वेळी ‘अननोन फाइलसिस्टीम टाइप’ असा संदेश येतो. संगणकाची प्रणाली अपडेट करणे हा त्यावरचा साधा उपाय आहे. पेनड्राइव्ह फॉरमॅट करण्याची येथे काहीच गरज नसते.

फाइल सिस्टीमचा रकाना पूर्ण रिकामा असेल किंवा ‘राँग एफएस टाइप... बॅड सुपरब्लॉक’ असा लांबलचक संदेश येत असेल, तर मात्र फायलींची नोंदवही बिघडली असण्याची शक्यता आहे. चालू असताना पेनड्राइव्ह ओढून काढणे हे त्याचे नेहमीचे कारण. तरीही फायलींचा मजकूर बहुधा जागेवर असतो. जमीन तिथेच आहे, सातबाऱ्यावरची नोंद फाटली आहे, असे समजावे.

विंडोजवर चालणारा पेनड्राइव्ह लिनक्स नाकारतो, असे का?

एनटीएफएस प्रकारच्या पेनड्राइव्हच्या किंवा पोर्टेबल हार्डडिस्कच्या बाबतीत हे घडते. विंडोजवर ‘सेफली रिमूव्ह’ न करता साधन काढले, तर त्यावर ‘काम अर्धवट राहिले आहे’ अशी खूण राहते. विंडोज बंद न करता हायबरनेट केले असेल, तरी हेच होते. विंडोज ८ पासून आलेल्या ‘फास्ट स्टार्टअप’मुळे तर शटडाउन केल्यावरही विंडोज काही प्रमाणात हायबरनेट होते. लिनक्स ही खूण पाहते आणि लिहिण्यासाठी माउंट करायला नकार देते. हा हट्ट नाही. दोन प्रणालींनी एकाच वहीत वेगवेगळ्या नोंदी केल्या, तर वही फाटते.

त्यावरचा सुरक्षित मार्ग असा. तो पेनड्राइव्ह पुन्हा विंडोज संगणकाला लावावा, विंडोजमधील डिस्क तपासणी करावी आणि मग रीतसर ‘सेफली रिमूव्ह’ करून काढावा. विंडोज हाताशी नसेल आणि फायली लगेच हव्या असतील, तर पेनड्राइव्ह फक्त वाचण्यासाठी माउंट करता येतो. कमांड अशी : ‘सुडो माउंट -ओ आरओ /डीईव्ही/एसडीबी१ /एमएनटी’. यातील ‘आरओ’ म्हणजे फक्त वाचन. ‘एसडीबी१’च्या जागी तुमच्या यादीतले नाव टाकावे. फायली ‘एमएनटी’ या फोल्डरमध्ये दिसतील. त्या आधी संगणकावर कॉपी कराव्यात. जबरदस्तीने माउंट करण्याचे पर्याय इंटरनेटवर सापडतात, पण डेटाची दुसरी प्रत नसेल तर त्यांच्या वाटेला जाऊ नये.

फाइल सिस्टीमच्या रकान्यात ‘बिटलॉकर’ दिसत असेल, तर पेनड्राइव्ह कुलूपबंद आहे. नव्या लिनक्सवर तो पासवर्ड देऊन उघडता येतो. पासवर्डही नाही आणि रिकव्हरी कीही नाही, अशा स्थितीत कोणाकडेच उपाय नसतो.

फायली दिसतात, पण लिहिता येत नाही; हे कसे?

याची कारणे निदान पाच. पहिले, पेनड्राइव्ह सुडो वापरून हाताने माउंट केला असेल, तर फायलींचा मालक ‘रूट’ म्हणजे प्रणालीचा प्रमुख ठरतो आणि तुम्हाला लिहू दिले जात नाही. त्याऐवजी उबुंटू आणि मिंटमध्ये आधीच असलेल्या ‘डिस्क्स’ या अ‍ॅपमधून पार्टिशनखालचे त्रिकोणी बटण दाबून माउंट करावे. मग मालकी तुमच्याकडे राहते.

दुसरे, काही पेनड्राइव्हवर आणि एसडी कार्डाच्या अडॉप्टरवर लिहिण्यास बंदी करणारी छोटी सरकपट्टी असते. ती चुकून सरकलेली असते.

तिसरे, लिनक्स बसवण्यासाठी तयार केलेला पेनड्राइव्ह. त्यावर ‘आयएसओ९६६०’ ही सीडीसाठीची फाइल सिस्टीम दिसते. ती फक्त वाचण्यासाठीच असते. अशा पेनड्राइव्हवर जपण्यासारखे काही नसेल, तर तो नव्याने फॉरमॅट करायला हरकत नाही. ज्या थोड्या प्रसंगी फॉरमॅट हेच योग्य उत्तर असते, त्यातला हा एक.

चौथे, एकच मोठी फाइल जात नसेल तर तो फॅट३२चा नियम आहे. त्यात एका फाइलचा आकार ४ जीबीच्या आतच असावा लागतो. ३२ जीबीचा रिकामा पेनड्राइव्हही ५ जीबीचा लग्नाचा व्हिडीओ त्यामुळेच नाकारतो.

पाचवे कारण गंभीर. माउंट होताना लिहिता येत होते आणि कॉपी करताना अचानक ‘रीड-ओन्ली’ झाले, तर कर्नलला फाइल सिस्टीममध्ये चूक सापडली आहे आणि आणखी नुकसान होऊ नये म्हणून त्याने लिहिणे थांबवले आहे. आयुष्य संपत आलेले काही पेनड्राइव्हही स्वतःच लिहिणे बंद करतात. अशा वेळी लिहिण्याचा हट्ट सोडून, वाचता येते तोवर सगळे बाहेर काढावे.

मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे का दिसतात?

फॅट३२ पेनड्राइव्ह काही लिनक्स प्रणालींत हाताने माउंट केला की ‘पत्रिका’, ‘ठराव’ अशी देवनागरी नावे असलेल्या फायलींच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे येतात आणि त्या उघडतही नाहीत. व्हायरस आला, असा समज त्यातून होतो. प्रत्यक्षात माउंट करताना इंग्रजी आणि युरोपीय अक्षरांपुरता संच निवडला गेलेला असतो. वरच्या कमांडमध्ये ‘आरओ’नंतर स्वल्पविराम देऊन ‘यूटीएफ८’ जोडले, की नावे मराठीत दिसू लागतात. आपोआप माउंट होताना किंवा ‘डिस्क्स’मधून माउंट करताना ही काळजी प्रणालीच घेते. फायलींची नावे प्रश्नचिन्हांत दिसत असताना त्या हलवू किंवा नावे बदलू नयेत.

खऱ्या व्हायरसबाबत एक दिलाशाची गोष्ट. सार्वजनिक विंडोज संगणकांवर काही व्हायरस पेनड्राइव्हमधले फोल्डर लपवून त्यांच्या जागी शॉर्टकट ठेवतात. लिनक्सवर फॅट३२ पेनड्राइव्हचे असे लपवलेले फोल्डर साधारणपणे उघड दिसतात आणि ते सरळ कॉपी करून घेता येतात.

कॉपी पूर्ण झाली, तरी फाइल अपुरी का निघते?

लिनक्स वेग वाढवण्यासाठी लिहायचा मजकूर आधी रॅममध्ये घेते आणि मागाहून सावकाश पेनड्राइव्हवर उतरवते. पडद्यावरची पट्टी शंभर टक्के झाली, तरी काही भाग रॅममध्येच असू शकतो. त्याच वेळी पेनड्राइव्ह ओढला, तर फाइल अपुरी राहते आणि कधी कधी नोंदवहीही बिघडते. घरी भरलेले काम दुकानात उघडत नाही, त्याचे मूळ अनेकदा येथे असते.

म्हणून फाइल मॅनेजरमध्ये पेनड्राइव्हच्या नावापुढचे ‘इजेक्ट’ चिन्ह दाबून, काढायला हरकत नाही असा संदेश येईपर्यंत थांबावे. ‘टार्गेट इज बिझी’ असा नकार आला, तर त्या पेनड्राइव्हवरची एखादी फाइल किंवा टर्मिनल अजून उघडे आहे. ते बंद करून पुन्हा इजेक्ट करावे. टर्मिनलवर ‘सिंक’ ही कमांड दिली, तर रॅममधला मजकूर डिस्कवर उतरेपर्यंत ती थांबून राहते. सिंक म्हणजे एस, वाय, एन, सी.

डेटा महत्त्वाचा असेल, तर कोणत्या क्रमाने जावे?

पहिली पायरी, वाचता येत असेल तेवढे आधी बाहेर काढणे. दुसरी, वाचता येत नसेल, पण यादीत आकार बरोबर दिसत असेल, तर संपूर्ण पेनड्राइव्हची जशीच्या तशी प्रत, म्हणजे इमेज, तयार करणे. ‘डिस्क्स’ अ‍ॅपमध्ये डावीकडे पेनड्राइव्ह निवडून मेनूतून ‘क्रिएट डिस्क इमेज’ निवडावे. संगणकावर पेनड्राइव्हच्या पूर्ण क्षमतेएवढी मोकळी जागा हवी; आत फायली किती आहेत याचा संबंध नाही. याच मेनूत ‘रिस्टोअर डिस्क इमेज’ आणि ‘फॉरमॅट’ हेही पर्याय असतात आणि ते नेमके उलटे काम करतात. बोट टेकवण्याआधी ओळ दोनदा वाचावी. पेनड्राइव्ह वाचताना वारंवार अडखळत असेल, तर ‘डीडीरेस्क्यू’ हे मोफत साधन अधिक बरे. ते आधी चांगला भाग काढून घेते आणि खराब भागाकडे नंतर वळते.

तिसरी पायरी, दुरुस्तीचे सगळे प्रयोग या प्रतीवर करणे. हरवलेले पार्टिशन शोधण्यासाठी ‘टेस्टडिस्क’ आणि नोंदवही पूर्ण गेली असेल तर फोटो, व्हिडीओ, दस्तावेज ओळखून काढण्यासाठी ‘फोटोरेक’, ही दोन्ही साधने मोफत आहेत. फोटोरेकने काढलेल्या फायलींची मूळ नावे आणि फोल्डर मिळत नाहीत, पण फोटो मिळतो. काढलेल्या फायली त्याच पेनड्राइव्हवर कधीही साठवू नयेत.

चौथी पायरी, हे सगळे झाल्यावरच ‘डिस्क्स’मधील ‘रिपेअर फाइलसिस्टीम’ किंवा ‘एफएससीके’ कमांड. दुरुस्ती म्हणजे पेनड्राइव्हवर लिहिणे. ज्या नोंदींचा मेळ लागत नाही, त्या दुरुस्तीचे साधन छाटते आणि ती छाटलेली नोंद तुमच्या फायलीची असू शकते. फॉरमॅट ही शेवटची पायरी. क्विक फॉरमॅटमध्ये फायलींचा मजकूर लगेच पुसला जात नाही, पण नोंदवही कोरी होते आणि त्यानंतर केलेली प्रत्येक नवी कॉपी जुन्या मजकुरावर चढत जाते. चुकून फॉरमॅट झालेच, तर त्या क्षणापासून पेनड्राइव्ह वापरणे बंद करून थेट दुसऱ्या पायरीवर यावे.

नवा पेनड्राइव्ह घेताना काय पाहावे?

अवाच्या सवा क्षमता आणि नाममात्र किंमत असेल, तर संशय घ्यावा. बनावट पेनड्राइव्हचा कंट्रोलर आपली क्षमता खोटी सांगतो. खरी जागा संपली की पुढच्या फायली कॉपी झाल्यासारख्या दिसतात, पण उघडत नाहीत. लिनक्सवर ‘एफ३’ नावाचे मोफत साधन पेनड्राइव्ह पूर्ण भरून आणि पुन्हा वाचून खरी क्षमता सांगते. ही तपासणी नवा पेनड्राइव्ह वापरायला काढण्याआधीच करावी. विंडोज आणि लिनक्स दोन्हीकडे वापरायचा असेल, तर एक्सफॅट प्रकार सोयीचा; टीव्हीवर किंवा गाडीत लावायचा असेल, तर फॅट३२.

राहता राहिला मुख्य मुद्दा. पेनड्राइव्ह हे डेटा एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेण्याचे साधन आहे, कायम जपून ठेवण्याचे नाही. जी फाइल फक्त पेनड्राइव्हवरच आहे, तिची दुसरी प्रत आजच संगणकावर किंवा दुसऱ्या डिस्कवर करावी. मग एखाद्या दिवशी तो उघडला नाही आणि ‘फॉरमॅट करू का?’ असा प्रश्न पडद्यावर आला, तरी घाई करण्याचे कारण उरणार नाही.